जुन्या गाडीची नाडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी उरली नाही. अशी शेवटची टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, आणि मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षांची. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोकांनी आठवणी काढल्या, हळहळ व्यक्त झाली. पण टॅक्सी संपली म्हणून जुनी गाडी संपली असं मात्र नाही. आमच्या डहाणू-तलासरीच्या बाजूला चिकूच्या वाडीत फेरफटका मारला तर एखाद्या शेडखाली पद्मिनी दिसते, कुठे पहिल्या पिढीतली मारुती ८०० दिसते. काही नुसत्या झाकून ठेवलेल्या असतात, पण काही रोज चालतात. माणसं त्या हौसेने ठेवतात, तशीच गरजेनेही ठेवतात.

या गाड्यांचा आणि महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या धर्तीवरच्या गाड्या निघू लागल्या आणि १९७४ पासून त्यांतलीच एक 'पद्मिनी' म्हणून ओळखली जाऊ लागली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, एक कार्ब्युरेटर आणि चिमटीत मावतील एवढ्या तारा. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० आली. तिचं इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं. पण तीही सुरुवातीची बरीच वर्षं कार्ब्युरेटरवरच चालली. म्हणजे या गाड्यांत संगणक नाही. बिघाड झाला तर यंत्र जोडून सांकेतिक आकडा वाचण्याची सोय नाही. गाडी जे सांगते ते कानाने, नाकाने, डोळ्यांनी आणि शंभर-दोनशे रुपयांच्या एका मीटरने समजून घ्यावं लागतं.

माझा व्यवसाय कवितेचा, आणि गाड्यांबद्दल मी काय बोलणार, असं आपल्याला वाटेल. पण माझे अब्बा मुंबईत बरीच वर्षं टॅक्सी चालवायचे. घरात जेवणाच्या वेळी प्लग, पॉइंट, कट-आऊट हे शब्द मिठासारखे पडायचे. त्यांचं एक म्हणणं मला आजही पटतं: गाडीचा भाग बदलण्याआधी तो खराब आहे हे सिद्ध करा. आज मला सांगायचं आहे ते एवढंच.

कारण होतं नेमकं उलटं. गाडी झटके मारायला लागली की पहिला सल्ला येतो, प्लग बदला. मग कॉइल. मग कार्ब्युरेटर खोलून साफ करा. मग बॅटरी. चार-पाच हजार रुपये जातात आणि झटके तसेच राहतात. मग घरची माणसं म्हणतात, विकून टाका भंगारात. जुनी गाडी ठेवणं आता कागदोपत्रीही महाग झालं आहे. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचं शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजार रुपयांवर गेलं. असा खर्च एकदा केल्यावर उरलेला पैसा अंदाजाने उधळणं परवडत नाही. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट अशी, की काही बिघाड नुसते त्रास देत नाहीत, आगही लावतात.

आता मसोलीतलंच एक उदाहरण घेऊ. डहाणू शहराला लागून असलेली आमची मसोली. तिथले एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांची जुनी कार्ब्युरेटरची गाडी शेजारपाजारच्या आजाऱ्याला रात्री-बेरात्री दवाखान्यात पोहोचवते, त्यामुळे ती बंद पडून चालत नाही. त्यांची तक्रार अशी, की दिवसा गाडी उत्तम; पण पावसाळ्यात रात्री मिसिंग मारते, पिकअप घेत नाही, चढावर जीव सोडते. प्लग नवे झाले होते, कॉइल नवी झाली होती, कार्ब्युरेटर दोनदा उघडून झाला होता. शेवटी ते आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या वायरमनकडे गेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. गुरुजी बॉनेट उघडायला निघाले तर चाचांनी हात धरला.

"गुरुजी, बॉनेट राहू द्या. आधी मला सांगा, बिघाड येतो कधी?"

"पाऊस असला की येतो, चाचा. रात्रीच जास्त."

"पाऊस नसलेल्या रात्री?"

"थोडा येतो."

"आणि दिवसा, मुसळधार पावसात?"

गुरुजी थांबले. मग म्हणाले, "दिवसा कमी. वायपर चालू असला तर येतो."

चाचा हसले. म्हणाले, "मग पाणी नाही, लोड आहे."

या चार वाक्यांत अर्धं निदान झालं होतं. पावसाच्या पाण्याने बिघाड होत असता तर दिवसाही तेवढाच झाला असता. पण तो येत होता दिवे आणि वायपर लागले की. म्हणजे विजेची मागणी वाढली की इंजिनाच्या वाट्याची वीज कमी पडत होती. चाचांनी मीटर लावला. इंजिन चालू, दिवे आणि वायपर चालू. बॅटरीच्या दोन टोकांत १३.२ व्होल्ट. त्याच वेळी कॉइलवर १०.९. मधले २.३ व्होल्ट वाटेतच कुठेतरी गळत होते. बॅटरीकडून येणारी एकच तार डॅशबोर्डखाली एका जोडात शिरत होती आणि तिथून किल्लीच्या स्विचला, दिव्यांना, वायपरला फाटे फुटत होते. तो जोड हिरवट झाला होता, त्याचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं होतं आणि हात लावला तर चटका बसत होता.

आता इथे थोडा हिशेब करू, कारण या हिशेबातच सगळं आहे. दोन हेडलाइट, वायपर आणि कॉइल मिळून त्या जोडातून साधारण १५ अँपिअर करंट जात होता. २.३ ला १५ ने गुणलं की साधारण ३५ वॉट येतात. रेडिओ दुरुस्तीवाल्याची डाग द्यायची इस्त्री साधारण एवढ्याच ताकदीची असते, आणि तिने कथील वितळतं. म्हणजे गुरुजींच्या डॅशबोर्डखाली रोज रात्री एक इस्त्री तापत होती, तिच्याभोवती प्लॅस्टिक, कापड आणि जुन्या तारांचं गुंडाळलेलं रबर. गाडीचं मिसिंग ही आगीची पूर्वसूचना होती. दुरुस्ती काय झाली? तो जोड कापून नवीन तांब्याचा जोड दाबून बसवला, आणि दिव्यांसाठी वेगळा फ्यूज आणि रिले टाकला, म्हणजे दिव्यांचा भार किल्लीच्या तारेवरून गेलाच नाही. नवीन कॉइलच्या निम्म्या किमतीत काम झालं.

या एका उदाहरणातून तपासणीची पद्धत कळते. तिचे तीन प्रश्न आहेत. बिघाड कधी येतो? कुठवर वीज किंवा पेट्रोल नीट पोहोचतं? आणि कुठून पुढे ते कमी पडतं? कवितेत एखादी ओळ अडखळली तर आपण मात्रा मोजून कुठे चुकतंय ते पाहतो, अख्खी गझल फाडून टाकत नाही. गाडीतही तेच.

वायरिंगची सुरुवात बॅटरीपासून. बारा व्होल्टची पूर्ण चार्ज असलेली बॅटरी, गाडी रात्रभर उभी असल्यावर, साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास असेल तर ती अर्धी उरली आहे. इंजिन चालू करून थोडी रेस दिली की १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. त्याहून फार कमी दिसलं तर डायनामो किंवा अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा कट-आऊट बघा. पंधराच्या वर गेलं तर बॅटरी जास्त चार्ज होतेय, बल्ब वारंवार उडणार आणि बॅटरीचं पाणी आटणार. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली घसरलं तर बॅटरी थकलेली आहे किंवा सेल्फ गरजेपेक्षा जास्त करंट खातोय. एवढी तपासणी घरी पाच मिनिटांत होते, आणि ती केल्याशिवाय नवीन बॅटरी घेऊ नये.

पुढे अर्थ. जुन्या गाड्यांत वीज तारेने जाते आणि परत येते गाडीच्या पत्र्यातून. बॅटरीचं ऋण टोक पत्र्याला जोडलेलं असतं, आणि इंजिन रबरावर बसवलेलं असल्याने इंजिनापासून पत्र्यापर्यंत एक जाड, विणलेली पट्टी असते. समुद्रकिनाऱ्यावर बिघाडाचं माहेरघर हेच. खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडतं, पत्रा आतून गंजतो, बोल्ट बाहेरून चकचकीत दिसतो आणि खाली मात्र गंजाचा थर असतो. अर्थाची पट्टी तुटली तर वीज परतीची दुसरी वाट शोधते, आणि ती वाट असते चोकची किंवा अॅक्सिलरेटरची केबल. सेल्फ मारताना चोकची केबल गरम झाली, तिच्यातून धूर आला, तर बाकी काही न बघता आधी अर्थाची पट्टी बघा. एका दिव्याचा प्रकाश दुसऱ्यापेक्षा कमी, इंडिकेटर दिला की मागचा दिवा लुकलुकतो, या तक्रारीही बहुतेक अर्थाच्याच.

इथे एक बारकावा आहे. अर्थ ठीक आहे का हे पाहायला बरेच जण मीटर ओहमवर लावतात आणि शून्याच्या जवळ आकडा दिसला की निर्धास्त होतात. पण सेल्फ दीडशे अँपिअर करंट ओढतो. वाटेत ओहमचा शंभरावा हिस्सा रोध असला, तरी दीड व्होल्ट तिथेच संपतात. साध्या मीटरला हा शंभरावा हिस्सा दिसत नाही. म्हणून मीटर व्होल्टवर लावा. एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर ती वाट खराब. दिव्यांसारख्या लहान भारासाठी हा आकडा ०.२ च्या आत असावा. वीज वाहत असताना मोजलं तरच जोड खरं बोलतो.

हे थोडेथोडके व्होल्ट महत्त्वाचे का, तर प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने होतो. दिव्याला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं की प्रकाश साधारण तीस टक्के घटतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर रात्री समोरून ट्रक येत असताना हा तीस टक्क्यांचा फरक लहान नाही.

तिसरी गोष्ट फ्यूज. फ्यूज तारेचं रक्षण करतो, दिव्याचं नाही. तो उडतो तेव्हा तो आपलं काम करत असतो. त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा जाड तार गुंडाळली की पुढचा फ्यूज गाडीतली तारच होते. पाती पद्धतीच्या फ्यूजला रंग ठरलेले आहेत: लाल दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, हिरवा तीसचा. लाल उडाला तर लालच टाकावा. तो पुन्हा उडाला तर शॉर्ट शोधावा. शोधायची युक्ती सोपी आहे. फ्यूजच्या जागी बारा व्होल्टचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तोवर बल्ब पूर्ण पेटेल. मग त्या सर्किटमधला एकेक भाग सोडवत जा, एकेक तार हलवत जा. ज्या क्षणी बल्ब मंदावेल किंवा विझेल, शॉर्ट तिथेच. आमच्याकडे वाडीतल्या उंदरांनी कुरतडलेली तार हे नेहमीचं कारण. मात्र हा बल्ब संगणक असलेल्या नव्या गाड्यांत असा कुठेही लावू नये, नाजूक भाग जळू शकतात.

आता चालण्याच्या तक्रारींकडे. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पुरेसा दाब, योग्य वेळी ठिणगी, आणि हवा-पेट्रोलचं योग्य मिश्रण, म्हणजे वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण पंधरा भाग हवा. तीनपैकी कोण रुसलंय ते लक्षणांवरून बरंचसं कळतं. चालती गाडी दिवा मालवावा तशी एकदम बंद पडली तर बहुधा वीज. आचके देत, गुदमरत बंद पडली तर बहुधा पेट्रोल. एकच सिलिंडर कायम सुस्त असेल तर त्याचा प्लग, त्याची तार किंवा त्याचा दाब.

ठिणगीचं काम विलक्षण आहे. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या मारतं तेव्हा डेल्कोमधले पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात. प्रत्येक वेळी कॉइल बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. पॉइंटमधली फट झिजून कमी झाली, कंडेन्सर बिघडून पॉइंट जळू लागले, कॅपला केसाएवढी चीर गेली की या साखळीत खंड पडतो. पावसाळ्यात कॅपच्या चिरेत ओल शिरते आणि सकाळी गाडी उठत नाही; कॅप काढून कोरड्या कापडाने आतून पुसली की उठते. अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेटखाली पाहिलं तर फुटक्या तारांवरून निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. बघताना हात, ओढणी, मफलर पंख्यापासून दूर ठेवा. आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगीची कुठलीही तपासणी करू नका.

प्लग बाहेर काढला की तो इंजिनाचा अहवालच असतो. फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, चोक अडकलाय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. काळा आणि तेलकट म्हणजे इंजिन ऑइल वर चढतंय, आणि हे दुखणं कार्ब्युरेटरच्या दुरुस्तीने बरं होत नाही. पांढराफट्ट म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त; कार्ब्युरेटरखालचं गॅस्केट किंवा एखादा व्हॅक्यूमचा पाइप फाटलाय का, ते पाहा.

पेट्रोलबद्दल एक नवी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल विक्रीला आलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरलं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची गॅस्केटं यासाठी बनवलेली नव्हती; ती फुगतात, कडक होतात, चिरतात. शिवाय इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे त्याच जेटमधून तेवढंच इंधन गेलं तरी मिश्रण पातळ पडतं, आणि कार्ब्युरेटरला ते आपोआप सुधारता येत नाही. सकाळी गाडी अडखळते, पिकअप देताना क्षणभर पोकळी जाणवते. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत महिनाभर अर्ध्या टाकीने उभी असलेली गाडी म्हणूनच रुसते. उपाय असा, की पेट्रोलचे पाइप इथेनॉलला टिकणारे घालावेत, फिल्टर वेळेवर बदलावा, आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवावी.

उन्हाळ्यातली तक्रार निराळी. चारोटी नाक्यावर मे महिन्यात दुपारी दहा मिनिटं थांबलं की गाडी पुन्हा चालू होत नाही, वीस मिनिटांनी मुकाट्याने होते. इथे दोन संशयित आहेत: पेट्रोलचा पंप किंवा पाइप तापून आत वाफ धरली, किंवा कॉइल तापून ठिणगी गेली. कोण ते ठरवायला गाडी गार व्हायची वाट बघू नका. बिघाड हजर असतानाच तपासा, बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत नाही एवढी खात्री मात्र आधी करा. मग सुटा प्लग तारेला लावून त्याचा लोखंडी भाग इंजिनाला टेकवा, सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. तार पकडताना सुकं रबर किंवा इन्सुलेशन असलेला पक्कड वापरा. जोरदार निळी ठिणगी पडली तर कॉइल निर्दोष, मग पंपावर ओलं फडकं ठेवा. गाडी लगेच चालू झाली तर चोर सापडला.

या सगळ्यासाठी फार काही लागत नाही. डिकीत एक मीटर, दोन तारा जोडलेला बारा व्होल्टचा बल्ब, एक सुटा प्लग, पॉलिश पेपरचा तुकडा, योग्य रंगाचे चार फ्यूज. आणि एक वही. बिघाड आला ती तारीख, हवा कशी होती, इंजिन गार होतं की गरम, कोणते दिवे चालू होते, तपासताना मीटरने काय दाखवलं, हे त्या वहीत लिहावं. वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीचं ऋण टोक सोडवावं, आणि जोडताना ते शेवटी जोडावं. ब्रेक, स्टिअरिंग आणि पेट्रोल गळती या तीन गोष्टी मात्र घरी अजमावू नयेत, त्या जाणकारानेच बघाव्यात.

गॅरेजमध्ये जाल तेव्हा "गाडी बिघडली, बघा" असं म्हणू नका. "दिवे आणि वायपर लावले की मिसिंग मारते, बॅटरीवर तेरा आहेत, कॉइलवर अकरा" असं सांगा. चांगला मिस्त्री अशा माणसाला खुर्ची देतो, आणि चांगला नसलेलाही मग भलताच भाग बदलायला धजत नाही.